वीस दिवस कुणाचे कापायचे?

रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. गावाच्या तंटामुक्त समितीत त्या पूर्वी होत्या. आजही बांधाचा, वहिवाटीचा, पाण्याचा वाद झाला की लोक आधी त्यांच्याकडे येतात. यंदा एक आंबा बागायतदार आणि त्यांच्या बागेत राखणीला असलेलं नेपाळी जोडपं यांच्यात बिनसलं. ऐन काढणीत नवऱ्याचे वडील वारले म्हणून तो गावी गेला. बागायतदार सांगतात, आठ दिवसांत येतो म्हणाला आणि विसाव्या दिवशी उगवला. तेवढ्यात १२ पेट्या माल कमी भरला. बायको या काळात बागेतच होती. बागायतदारांनी दोघांचाही २० दिवसांचा पगार कापला, वर १२ पेट्यांचे पैसे वळते केले. बाईंनी दोन्ही बाजूंना बागायतदारांच्या घरी बसवून निम्म्यावर तोड काढली. नेपाळी माणूस मान खाली घालून ‘ठीक है’ म्हणाला आणि चौथ्या दिवशी बायकोला घेऊन शेजारच्या वाडीतल्या बागेत निघून गेला. त्याचं नागरिकतेचं कार्ड अजून पहिल्या बागायतदारांकडेच आहे. बाईंचा पुतण्या म्हणतो, ‘आत्या, ही माणसं अशीच, असं तू आधीच धरून बसली होतीस.’ बाई विचारतात : मध्यस्थाने प्रत्येक समाजाच्या रीती शिकून घ्याव्यात, की सगळी माणसं सारखीच मानून वागावं? एका शिबिरात त्यांना कुठल्या समाजाशी कसं बोलावं याचा कागद मिळाला होता. नेपाळी लोकांबद्दलचा तसा कागद कुठे मिळेल, असंही त्यांनी विचारलं आहे.

बाई,

गावात सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारतात असं लिहिलंत, म्हणून मीही तशीच मारते.

तो कागद शोधू नका. मिळाला तरी बाजूला ठेवा. नेपाळच्या २०२१च्या जनगणनेत १४२ जाती-जमाती आणि १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या. तुमच्या गावातल्या बागेत आलेला माणूस डोटीचा की कैलालीचा, छेत्री की थारू की दलित, घरात कुठली भाषा बोलतो, यातलं काहीच तुमच्या पत्रात नाही. कुणी विचारलंच नसावं. उद्या कुणी ‘कोकणी माणसाशी कसं बोलावं’ असा कागद काढला, तर दापोलीचा कुणबी, राजापूरचा कोकणी मुसलमान, मालवणचा गाबीत आणि गुहागरचा चित्पावन त्यात कसे मावतील?

असे कागद बहुतेकदा कंपन्यांसाठी झालेल्या अभ्यासांवरून उतरवलेले असतात. गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवरून देशांच्या संस्कृतींची मोजमापं मांडली आणि ती फार गाजली. पण देशाच्या सरासरीवरून समोरच्या एका माणसाचा स्वभाव ठरवू नये, हे त्यांनी स्वतःच बजावलं होतं. शिबिराच्या कागदापर्यंत येता येता मोजमापं तेवढी शिल्लक राहतात, ताकीद गळते.

आता त्या २० दिवसांकडे येऊ. ‘वेळेचं भान या लोकांना नसतंच,’ असं तुम्ही लिहिलं आहे. बाई, त्याचे वडील गेले होते. नेपाळमधल्या बऱ्याच हिंदू घरांत मुलगा तेरा दिवस किरियेला बसतो. पांढरं नेसायचं, एक वेळ जेवायचं, तेही अळणी. तेरावं झाल्याशिवाय तो उठत नाही. पश्चिम नेपाळचा असेल तर रत्नागिरीहून रेल्वेने दिल्लीकडे, तिथून बनबसाच्या हद्दीवर, पलीकडे बस, आणि गाव डोंगरातलं असेल तर त्यापुढे पायपीट. जायला तीन-चार दिवस, यायला तेवढेच. तेरा आणि सात मिळून वीस होतात. तुमच्या वाडीतला मुंबईला असलेला मुलगा बापाचं तेरावं टाकून ड्यूटीवर हजर झाला असता, तर वाडीने त्याला काय काय ऐकवलं असतं? ज्या रीतीसाठी आपण आपल्या मुलाला शाबासकी देतो, तीच दुसऱ्याने पाळली तर त्याला बेभरवशाचा म्हणायचं, हे मला पटत नाही.

तरी हाही माझा अंदाजच आहे, हे लक्षात असू द्या. तो किरियेला बसला का, थोरला मुलगा तोच का, की वाटेत आणखी काही झालं, हे त्यालाच विचारायचं आहे. एखाद्या समाजाबद्दल आपल्याला काही ठाऊक असलं, तर त्याचा उपयोग प्रश्न सुचण्यापुरता करावा, उत्तर म्हणून ते वापरू नये. शिवाय ‘आठ दिवसांत येतो’ हे नेमकं कोण म्हणालं? बाप गेल्याची बातमी आलेली, बोलणं हिंदीत, आणि हिंदी दोघांचीही घरची भाषा नाही. ‘आठ दिवस तरी लागतील’ आणि ‘आठ दिवसांत येतो’ यांची गल्लत अशा वेळी किती सहज होते! बागायतदारांचं ‘यांचे बाप दर हंगामाला मरतात’ हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलं आहे. या माणसाचे वडील गेले की नाही, हे बैठकीत कुणी विचारल्याचं मात्र लिहिलेलं नाही.

बागायतदारांची बाजू हलकी आहे असं मी म्हणत नाही. मोहोर आल्यापासून थ्रिप्स, तुडतुडे, फवारण्यांचा खर्च, अवकाळी पाऊस. आणि एवढं करून आंबा तयार झाला की राखण चार दिवस ढिली पडली तरी वानरांची टोळी बाग विसकटून जाते. वाशीचा दर उतरायच्या आत पेटी पोचली नाही तर वर्षाचं गणित कोलमडतं. अशा दिवसांत माणूस निघून गेला, तर पोटात गोळा येणारच. त्यांचं नुकसान खरं आहे. त्या नुकसानीचं कारण त्यांनी एका माणसाच्या जातकुळीत शोधलं आणि तुम्ही ते चालू दिलंत, हरकत आहे ती एवढ्यालाच.

तुमच्या पत्रात बागायतदारांबद्दल एक वाक्य आहे : ‘आमची माणसं बोलायला तिखट, पण मनात काही नसतं.’ इथे घरोघरी ऐकू येणारं हे वाक्य आहे. मालवणीत शिवी घालून मग पानावर आग्रहाने वाढणारी माणसं मलाही ठाऊक आहेत आणि ती मला प्रिय आहेत. पण आपण शेजाऱ्याला तिखट बोलतो ते खपतं, कारण शेजारी तितकंच तिखट परत बोलू शकतो. राखणीचा माणूस बोलू शकतो का? त्याची खोप त्यांच्या बागेत, पगार त्यांच्या हातात, कार्ड त्यांच्या कपाटात. बागायतदारांच्या मनात काही असो वा नसो, त्याचा पगार कापला गेलाच आहे.

म्हणजे त्या बैठकीत स्वभावाचे दोन साचे होते. आपल्या माणसाला माफी देणारा एक, परक्याला धरणारा दुसरा. तिसराही आहे, आणि तो तुम्ही कौतुकाने लिहिला आहे : ‘नेपाळी तसे भोळे, प्रामाणिक.’ मला तो सर्वांत घातक वाटतो. एकदा भोळा ठरवलेल्या माणसाने हिशोब मागितला की तो बिघडला, कुणीतरी त्याचे कान भरले, असं आपल्याला वाटू लागतं. तुम्हीही लिहिलंच आहे की शेजारच्या बागायतदाराने त्याला फूस लावली असावी. फूस असेलही. पण हातात निम्मा पगार आणि समोर पुरा पगार देणारा दुसरा मालक असताना कुणीही व्यवहारी माणूस जे करेल, तेच त्याने केलं आहे.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. नेपाळच्या २०१५च्या संविधानाने प्रत्येक गावपालिकेत आणि नगरपालिकेत तीन जणांची न्यायिक समिती आणली. उपप्रमुख किंवा उपाध्यक्ष तिचे संयोजक असतात, आणि २०१७च्या निवडणुकांनंतर या उपपदांवर बहुतेक ठिकाणी बायका आल्या. मजुरी दिली नाही, हा वादही या समितीकडे नेता येतो. तेव्हा मजुरीच्या तंट्यात एका बाईसमोर बसून बाजू मांडणं या जोडप्याला कदाचित नवीन नसेल. विचारून पाहा : ‘तुमच्या गावात असं झालं असतं तर तुम्ही कुणाकडे गेला असता, आणि तिथे कसं बसवतात?’ मध्य अमेरिकेत काम केलेले मध्यस्थ आणि अभ्यासक जॉन पॉल लेडरॅक यांनी हेच मांडलं आहे की तयार पद्धत बाहेरून आणून लादण्यापेक्षा तंटा मिटवण्याची त्या माणसांची स्वतःची रीत त्यांच्याकडूनच काढून घ्यावी आणि तिच्यावर पुढचं उभारावं.

आता बैठकीची जागा. तुम्ही आणि बागायतदार पडवीत खुर्च्यांवर, नवरा पायरीवर, बायको खाली खळ्यात उभी. ‘वर बस म्हटलं तरी बसला नाही, त्यांच्यात तशीच पद्धत,’ असं तुम्ही लिहिता. ज्या घराच्या पडवीत पूर्ण हंगामात त्याला कधी खुर्ची मिळाली नाही, तिथे नेमक्या भांडणाच्या दिवशी तो मालकाशेजारी कसा बसेल? त्याची खाली घातलेली मान, त्याचं गप्प राहणं, ते ‘ठीक है’, हे सगळं तुम्ही नेपाळी स्वभावाच्या खात्यावर मांडलंत. बाई, पूर्वी आपल्याच गावातला कूळ खोताच्या ओटीखाली उभा राहून काय बोलत होता? तोही ‘बरं’ म्हणूनच घरी जायचा. हे स्वभावाने होत नसतं, समोर कोण बसलंय आणि आपलं काय काय त्याच्या हातात आहे, यावरून होतं. मध्यस्थाने माणसाचा मुलूख विचारण्याआधी बसण्याची मांडणी पाहावी, असं माझं ठाम मत आहे. बरेचदा ज्याला आपण संस्कृती म्हणतो तो नुसता दबाव असतो.

आणि ती बायको. तुमच्या दोन पानी पत्रात तिच्यावर दीड ओळ आहे. २० दिवस ती बागेतच होती. वानरं कुणी हाकलली? रात्री टॉर्च घेऊन कोण फिरलं? पडलेला आंबा कुणी वेचला, आढीचं गवत कुणी आणलं? बागायतदार म्हणतात, ‘बाईमाणूस राखण ती काय करणार.’ मग हंगामाच्या सुरुवातीला जोडप्याचा पगार ठरवताना तिला मोजलं कशाला? काम करताना ती अर्धी जोडी आणि पगार कापताना जोडीच गैरहजर, असं चालणार नाही. नवऱ्याचे २० दिवस कापायचे की त्यातले काही दुखवट्याचे म्हणून सोडायचे, यावर बोलता येईल. तिच्या २० दिवसांना हात लावण्याचं कारण मला तरी दिसत नाही. एकट्या बाईने ऐन काढणीत बाग सांभाळली आणि १२ पेट्यांच्या वर नुकसान होऊ दिलं नाही, असंही या गोष्टीकडे पाहता येतं. त्या दिवसांत नेमकं काय झालं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, आणि तुमच्या बैठकीत तिला एकही प्रश्न विचारला गेला नाही. तुम्ही स्वतः बाई आहात, गावातल्या बायका तुमच्याजवळ मन मोकळं करतात. तिच्याशी आधी बोला, एकटीशी.

पुतण्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. तुम्ही आधीच धरून बसला होतात, इथवर ठीक. पण ‘सगळी माणसं सारखीच’ हा त्यावरचा उतारा नाही. सगळे सारखे म्हटलं की मोजपट्टी कुणाची हा प्रश्न येतो, आणि ती आपोआप गावातल्याची, घरमालकाची, भाषा येणाऱ्याची होते. २० दिवस नव्हता म्हणजे नव्हता, सगळ्यांना एकच नियम, असं म्हणून तुम्ही त्याच तोडीवर आला असतात.

आता काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी कार्ड परत. ते ‘सांभाळायला’ ठेवलंय असं बागायतदार म्हणतात ना? मग सांभाळून झालं. पुढची बैठक होण्याआधी ते माणसाच्या हातात गेलं पाहिजे, यावर तडजोड नाही. उचल फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवणं हे १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली येऊ शकतं, आणि त्याची दखल जिल्हाधिकाऱ्यांनी घ्यायची असते. असा प्रकार दिसला तर मध्यस्थी थांबवा, तिथे निम्म्यावर तोड काढायची नसते. ‘परदेशी आहेस, पोलिसात देईन’ ही धमकीही पोकळ आहे, हे बागायतदारांना तुम्ही शांतपणे सांगा. १९५०च्या भारत-नेपाळ करारानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहायची, फिरायची, व्यवसाय करायची मुभा आहे.

मग दोघांशी स्वतंत्र बोला. बागायतदारांशीही बोला, कारण तुमच्या पत्रात त्यांचं भांडण आहे पण त्यांची भीती नाही. पेट्या कमी भरल्या म्हणजे कशाच्या हिशोबाने? गेल्या साली किती निघाल्या, यंदा मोहोर किती गळला, व्यापाऱ्याची उचल किती अंगावर आहे? कदाचित त्या १२ पेट्यांमागे वेगळंच ओझं असेल आणि ते जवळच्या, गरीब माणसावर उतरलं असेल. ते त्यांना चारचौघांत बोलता येणार नाही. तुमच्यापाशी येईल, कारण ते तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखतात. गावातला मध्यस्थ तटस्थ नसतो, ओळखीचा असतो, त्याची ताकद तीच. मात्र इथे तुम्ही एकाच बाजूच्या ओळखीच्या आहात. म्हणून दुसऱ्या बाजूचा विश्वास असलेलं एक माणूस सोबत घ्या, दुसऱ्या बागेतलं एखादं वडीलधारं नेपाळी जोडपं असेल तर उत्तम. जोडप्याला कामावर आणणारा मुकादम दुभाषा म्हणून नको, त्याचे हितसंबंध मालकाशी असतात. ज्यांच्या बागेत ते आता गेलेत ते बागायतदारही नकोत.

एकत्र बसायचं ते शाळेत किंवा ग्रामपंचायतीत. सगळे सतरंजीवर, नाहीतर सगळे खुर्चीवर. बोलणं संपल्यावर ‘मान्य आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘ठीक है’च येणार. ‘काय ठरलं ते तुम्ही सांगा’ असं नवऱ्याला, बायकोला आणि बागायतदारांनाही म्हणा. तिघांच्या सांगण्यात फरक पडला तर तोड अजून झालेली नाही. ठरलं तरी सही त्याच दिवशी नको. दोन रात्री जाऊ द्या, म्हणजे ‘नाही’ म्हणायलाही वाव राहील. चौथ्या दिवशी निघून जाणं हे त्याचं ‘नाही’च होतं, ते सांगायला त्याला दुसरी जागा नव्हती.

कागद देवनागरीत लिहा. नेपाळी भाषेची लिपी तीच, आकडेही तेच, त्यामुळे वाचता येत असेल तर पगार, उचल, कपात हे तो किंवा ती स्वतः पडताळून पाहू शकतात. दोघांच्या नावांपुढे पगार वेगवेगळा मांडा.

ही गोष्ट बागांपुरती नाही, म्हणून इतर वाचकांसाठीही दोन शब्द. चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेले मजूर असोत, मिरकरवाड्याच्या नौकेवर तांडेल आणि परराज्यातले खलाशी यांचं वाटणीवरून वाजलेलं असो, तुमचं पहिलं स्पष्टीकरण ‘त्यांच्यात असंच असतं’ असं आलं की थांबा, आणि आपल्या सख्ख्या भावाने हेच केलं असतं तर आपण काय कारण दिलं असतं ते आठवा. सख्ख्या भावांतही हे होतंच. मुंबईकराला पैशाचा माज आणि गावचा भाऊ गणपतीपुरता गोड, असं एकदा ठरून गेलं की सामाईक घराचं छप्पर कुणी शाकारायचं हा साधा प्रश्न वर्षानुवर्षं सुटत नाही. तिथेही आधी वही उघडावी, स्वभाव नंतर.

बाई, बागायतदार बसायलाच तयार झाले नाहीत तर त्यांच्या मागे फार फिरू नका. जोडप्याला तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे घेऊन जा. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही आहे. १९८७च्या कायद्याप्रमाणे बायकांना ही मदत मिळकत कितीही असली तरी मिळते, म्हणून अर्ज तिच्या नावाने, तिच्या २० दिवसांच्या पगारासाठी करा. प्रकरण लोकअदालतीत जाऊन तिथे तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, पडवीतल्या शब्दाला ते नाही. पावसाला सुरुवात झाली की बरीच नेपाळी जोडपी गावी परततात, त्यामुळे हे जूनच्या आधी व्हायला हवं. त्यांचा गावाकडचा फोन नंबर आणि पैसे कुठल्या खात्यावर पाठवायचे, हे मात्र पहिल्याच भेटीत लिहून घ्या.